पिऊन सांग

पूर्वी आपल्याकडे शपथ खायचे. आईची, विद्येची, देवाची, ज्याला जी पचेल ती. खाणाऱ्याचं पोट कधी दुखलं नाही आणि ऐकणाऱ्याचंही भागायचं. आता शपथ प्यावी लागते. ती प्यायची सोय माझ्या धाकट्या जावेनं केली, म्हणून हे सगळं मीच सांगितलेलं बरं.

मी हेमलता बोरस्ते. दिंडोरी तालुक्यातल्या करंजखोऱ्यात आमची वायनरी आहे. हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये बसायला लागले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाइन चाखवायची आणि चार गोष्टी सांगायच्या. हे गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. मी, माझे धाकटे दीर उदयभाऊजी आणि त्यांची बायको केतकी. भाऊजी विक्री बघतात, केतकी वाइन बनवते. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली आहे ती, आणि आम्हा दोघांच्या डोक्यांची बेरीज केली तरी तिच्या पासंगाला पुरत नाही. मला सगळे अक्का म्हणतात, तीही म्हणते.

केतकीनं ते यंत्र काही चोर पकडायला बनवलं नव्हतं. तिला तुरटपणा मोजायचा होता. वाइन चाखणारे चार जण एका टेबलाशी बसवले की पाच मतं निघतात. एकाला ती मखमली लागते, दुसऱ्याला तीच कच्च्या केळ्यासारखी. परदेशातलं गिऱ्हाईक विचारतं, नेमकी किती तुरट? त्याला काय सांगणार, मखमली? तेव्हा केतकीनं ठरवलं की जिभेला विचारायचंच नाही, थुंकीला विचारायचं.

हे जरा नीट सांगते, वर्गात सांगायचे तसं. काळ्या द्राक्षाच्या सालीत आणि बीमध्ये फिनॉल नावाच्या कुळातली द्रव्यं असतात. मोठं गोतावळ्याचं कुळ आहे. त्यातली काही लाल वाइनला रंग देतात, तर काही, म्हणजे टॅनिनं, तिला तुरट करतात. आपल्या जुन्या लोकांनी सहा चवी सांगितल्या आणि तुरट ही त्यांतली एक. पण खरं बघता ती चव नाहीच, तो स्पर्श आहे. लाळेत बुळबुळीत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड आतून गुळगुळीत राहतं. टॅनिन तोंडात आलं की ते या प्रथिनांना धरतं आणि त्यांच्या गुठळ्या होतात. वंगण गेलं की जीभ टाळूला घासते आणि आपण म्हणतो, तुरट लागलं. कातडं कमावताना जे होतं तेच, फक्त घोटभर आणि आपल्या तोंडात.

तर केतकीच्या यंत्राची रीत अशी, की टॅनिनच्या ठरावीक द्रावणाचा घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि कपात थुंकायचा. कप यंत्रात ठेवला की त्यातून प्रकाश जातो. गुठळ्या जास्त असतील तर पाणी गढूळ, आणि प्रकाश अडतो. प्रत्येक माणसाची लाळ वेगळी, म्हणून प्रत्येकाची एक मूळ नोंद आधी घेऊन ठेवायची आणि पुढचे कप तिच्याशी ताडून बघायचे.

मग तिच्या लक्षात आलं की माणूस तोच, द्रावण तेच, तरी एखाद्या दिवशी कप भलताच गढूळ येतो. आमच्या तळघराचा मुकादम सोपान गांगुर्डे एकदा टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून गेला होता. "कोणी ठेवला?" असं भाऊजी गरजत असतानाच सोपानची घोट घ्यायची पाळी आली. कप अगदी ताकासारखा. लाळेला जणू दोन नळ असतात, एक पाणचट आणि एक दाट. माणूस घाबरला की पाणचट नळ बंद होतो. घशाला कोरड पडली म्हणतो ना आपण, ती हीच. थेंबाथेंबात प्रथिनं वाढतात, म्हणून गुठळ्याही वाढतात. खोटं बोलणारा माणूस चेहरा सांभाळतो, आवाज सांभाळतो, पण लाळ कोण सांभाळणार? जुन्या काळी घरात चोरी झाली की सगळ्यांना कोरडे तांदूळ चावायला देत. ज्याच्या तोंडातले तांदूळ कोरडेच राहिले तो चोर. केतकीनं तेच दिव्य द्राक्षाच्या बीतून काढलं, इतकंच.

हक्क एका कंपनीनं घेतले. त्यांनी यंत्र चहाच्या डब्याएवढं केलं, त्याला हिरवा आणि लाल दिवा बसवला, आणि पाहता पाहता ते घरोघर झालं. कोर्टात ते चालत नाही, पण घर म्हणजे थोडंच कोर्ट आहे? मुलगी बघायला आलेली माणसं कांदेपोह्यांच्या आधी कप पुढे करतात, आणि मुलीकडचेही काही कमी नाहीत, ते नवऱ्या मुलाला प्यायला लावतात. देवस्थानाचे खजिनदार विश्वस्तांसमोर घोट घेतात. शाळेत काच फुटली तर अख्ख्या वर्गाला रांगेनं थुंकायला लावतात. "पिऊन सांग" हे तर शेंबडं पोरसुद्धा म्हणायला लागलं. मला त्याची गंमत वाटायची. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणणाऱ्यांत मीही होते.

त्या वर्षी फेब्रुवारीतच ऊन असं तापलं की द्राक्षांना रंगच भरेना. उष्णता वाढली की सालीतली रंगद्रव्यं कमी पडतात, त्यात नवल काही नाही. मार्चमध्ये टाकीतली शिराज, म्हणजे त्या जातीच्या काळ्या द्राक्षाची लाल वाइन, चाखायला आम्ही सगळे तळघरात जमलो होतो. मी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, "केतकी, ही वाइन आहे की कोकम सरबत? चार पाट्या जांभूळ टाका हिच्यात, म्हणजे लाज तरी राहील."

सोपान हसला, भाऊजी हसले. केतकी नुसती बघत राहिली. माझी ही जीभ शाळेतही मला नडायची. पण मस्करीची कुस्करी कशी होते ते जुलैत कळलं.

जुलैत रॉटरडॅमच्या व्यापाऱ्यानं आमचा माल बंदरातच अडवला. त्याच्या प्रयोगशाळेचं म्हणणं, या वाइनला दुसऱ्याच फळाचा रंग दिलेला आहे. हे त्यांना कसं कळलं, तर साखरेवरून. वाइनच्या द्राक्षात रंगाच्या प्रत्येक रेणूला साखरेची एकच गाठ असते. जांभळात दोन असतात. आमच्या शिराजमध्ये दोन गाठींचा रंग सापडला होता, आणि तोही चालतो त्याहून जास्त.

आता जांभूळ म्हटल्यावर नजर कोणाकडे वळणार? टेस्टिंग रूममध्ये जांभळाचं सरबत मी विकते. त्यासाठी गर काढून वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवते आणि तो फ्रीजर तळघराच्या दाराला लागूनच आहे.

"वहिनी, मी काही म्हणत नाही," भाऊजी जेवताना म्हणाले. मी काही म्हणत नाही म्हणणारा माणूस सगळं म्हणून मोकळा झालेला असतो. "पण तुम्ही तेव्हा बोलला होतात. वायनरीचं नाव जाऊ नये म्हणून चांगल्या मनानं कोणी काही केलं असेल, तर..."

"चांगल्या मनानं भेसळ?" मी विचारलं. "मी आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, भाऊजी. आता म्हातारपणी स्वतः करीन?"

मी बोलत भाऊजींशी होते, पण बघत केतकीकडे होते. या घरात ती आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती आणि मला धड इंग्रजी बोलता येत नव्हतं. आम्ही एकमेकींना शिकवलं. तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होते. त्या जेवणाच्या वेळी तिनं एवढंच म्हणायला हवं होतं, की अक्का असं करणार नाहीत. बाकी जग गेलं खड्ड्यात. मला तिचा तेवढा एक शब्द हवा होता.

ती म्हणाली, "आपण सगळेच घोट घेऊ या ना. म्हणजे कोणाच्या मनात काही राहणार नाही."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. पण नाही कशी म्हणणार? नाही म्हणणं म्हणजे न पिताच लाल दिवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तिच्या प्रयोगशाळेत यंत्र मांडलं. नियम कडक. चहा नाही, सुपारी नाही, पेस्ट नाही, कारण चहात आणि सुपारीतही टॅनिनंच असतात आणि कप बिघडतो. सोपाननं सकाळपासून तंबाखूची पुडी घरी ठेवली होती, त्यामुळे तो गुन्हेगारासारखा घुटमळत होता. त्याचा दिवा हिरवा आला. भाऊजींचा हिरवा. केतकीनं स्वतः घेतला, तिचा हिरवा.

"अक्का, काही खाल्लं-प्यायलं नाही ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"नाही."

"छान. असाच नमुना हवा."

त्या दिवशी संकष्टी होती. मी नुसती उपाशी नव्हते, माझी निर्जळी होती. सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात गेला नव्हता आणि चंद्र दिसेपर्यंत जाणार नव्हता. हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं, कारण मी कळू दिलं नव्हतं. ग्रहणात मुद्दाम वर्गात पोरांना लाडू वाटणारी बाई मी. ती संकष्टीला निर्जळी करते म्हटल्यावर लोक काय म्हणाले असते? मला माझीच लाज वाटायची. पण केतकीला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं तेव्हा त्या बंद दरवाजासमोर मला विज्ञानातलं एक अक्षरही आठवलं नाही. मी गणपतीला म्हणाले, हिला बाहेर आण, मी जन्मभर संकष्टी करीन, पाणीसुद्धा न पिता. ती बाहेर आली. डॉक्टरांच्या हातगुणानं आली हे मला चांगलं कळतं. तरी दिलेला शब्द मी मोडला नाही.

केतकी कॅलेंडरात संकष्टी कधी बघत नाही. यंत्रातली माझी मूळ नोंद जानेवारीतली होती, पोटभर नाश्ता करून आणि पाणी पिऊन दिलेली. चहा, सुपारी, पेस्ट, सगळं तिनं विचारलं. पाणी प्यायलात का, हे विचारायचं तिच्या डोक्यात आलं नाही. आणि माझं तोंड इतकं सुकलं होतं की ते माझ्याही डोक्यात आलं नाही.

"शिराजच्या टाकीत तुम्ही काही मिसळलंत?"

"नाही."

मी घोट घेतला. घोळवला. एक थेंबही घशाखाली जाऊ न देता कपात थुंकले, कारण उपास होता. कप यंत्रात गेला आणि दिवा लाल झाला.

सोपान खिडकीबाहेर बघायला लागला. भाऊजी म्हणाले, "पुन्हा एकदा घेऊ या का?" तर केतकी हळूच म्हणाली, "नको. लाल बघितल्यावर माणूस घाबरतोच, मग दुसराही लालच येतो. पहिलाच धरतात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. संकष्टी आहे, हे दोन शब्द अगदी ओठांवर आले. पण ते सांगितलं की ती विचारणार, कधीपासून? मग, कशासाठी? आणि मला सांगावं लागणार, तुझ्यासाठी. लाल दिव्यासमोर उभं राहून तुझ्यासाठी उपास करते म्हणणं म्हणजे लाच देण्यासारखंच झालं असतं. आणि मुळात मी का सांगावं? मी नाही म्हटलं होतं. माझं नाही तिला पुरायला हवं होतं. मला राग आला, भयंकर राग आला, आणि मी तशीच उठून घरी निघून आले.

त्यानंतर घरात कोणी मला एक शब्दानं दुखावलं नाही. तेच वाईट होतं. तळघराच्या कुलुपाचा आकडा बदलला, "सगळ्यांसाठीच बदललाय, अक्का." फ्रीजर हलवून स्वयंपाकघरात आणला, "तुम्हाला सोयीचं पडेल." मी चाखायला खाली उतरायला लागले की सोपान जिन्यातच आडवा यायचा. "अक्का, गुडघे दुखतेत ना तुमचे? मी आनून देतो की वर." माझे गुडघे दुखत नव्हते. माझा एक जुना विद्यार्थी मित्रांना घेऊन वाइन चाखायला आला, त्यानं वाकून नमस्कार केला आणि मी ओतलेला ग्लास नुसता हातात धरून बसला. बातमी खोऱ्यात पसरली होती तर.

आणि मी? मी काही कमी नव्हते. मी केलं नव्हतं हे मला माहीत होतं, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी केलं होतं. संशय एकदा ओसरीवर येऊन बसला की जेवल्याशिवाय उठत नाही. भाऊजी विशीपासून सुपारी खातात. एक दिवस सुपारी सोडली म्हणून त्यांचा कप काय खरा धरायचा? व्यापाऱ्याला गडद रंगाचा शब्द तर त्यांनीच दिला होता. मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. एकदा ते गाडीची डिकी उघडून पाठमोरे उभे होते, मला बघून दचकले आणि डिकी आपटून बंद केली. ते आंघोळीला गेल्यावर मी किल्ली घेऊन डिकी उघडली. आत पेढ्यांचा डबा. मधुमेह झालेला माणूस घरच्यांपासून लपून पेढे खात होता. दुसरी कोणी असती तर हसली असती. माझ्या मनात आलं, जो पेढे लपवतो तो जांभूळही लपवील.

मग सोपान. मग, सांगायला जड जातं, केतकी. यंत्र तिचं, नोंदी तिच्या, दिवा तिचा. स्वतःची चूक झाकायला तिनंच तर माझा कप लाल केला नसेल? ती समोर बसून वरण ओतून घ्यायची आणि मी तिच्या हाताकडे बघायचे. जिच्यासाठी पाणी सोडलं तिच्या हातचं पाणी प्यायला मला भीती वाटायला लागली होती. असल्या घरात मला आणखी दिवस काढायचे नव्हते. नाशिकला बहिणीकडे जाऊन राहायचं, असं मी ठरवून टाकलं आणि घरात तसं सांगितलंही.

सप्टेंबरात एका सकाळी केतकी धावतच घरात आली. पायात बाहेरच्या चपला तशाच.

"अक्का, जांभूळ नव्हतं! चला, चला माझ्याबरोबर."

तिनं मला आणि भाऊजींना बागेत नेलं. चालता चालता सांगत होती, तिला धाप लागली होती. "मी रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेचा आलेख पुन्हा बघितला. दोन साखरांचं नाव वाचलं आणि आपण सगळे जांभूळ जांभूळ म्हणून ओरडलो. पण जांभळात दोन साखरांचा रंग कधी एकटा येत नाही. तीनचार भावंडं बरोबर असतात, सगळ्यात थोरलं डेल्फिनिडिनचं. आपल्या वाइनमध्ये ती भावंडं नाहीतच. माल्व्हिडिन नावाचं एकच रंगद्रव्य आहे. आणि ते दोन साखरांचं कुठे सापडतं ठाऊक आहे? अमेरिकेतल्या रानवेलींत."

खालच्या अंगाच्या ओळीत ती गुडघ्यावर बसली आणि एका वेलीच्या बुंध्याशी तिनं पानं बाजूला केली. आमच्याकडची द्राक्षं स्वतःच्या मुळांवर उभी नसतात. खाली अमेरिकेतल्या रानवेलीचा चिवट खुंट आणि वर शिराजचं कलम. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात या ओळींतली कलमं वाळून गेली होती आणि खालचा खुंट फुटून तारेवर चढला होता. गेल्या हंगामात त्याला बारीक काळी द्राक्षं धरली होती. तोडणी हल्ली यंत्रानं होते, त्याला काय, काळं दिसलं की झोडपून घेतं. खुंटाची द्राक्षं शिराजबरोबर टाकीत गेली आणि आपला रंग सोडून बसली.

पानंसुद्धा वेगळी होती. कोणीही नीट बघितलं असतं तरी कळलं असतं. पण आम्ही दोन महिने एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो, वेलींकडे बघायला कोणाला सवड होती?

"म्हणजे कोणी काही केलंच नव्हतं!" भाऊजी मोठ्यानं हसले. "काय वहिनी, उगाच डोक्याला ताप!" ते हसतच फोन काढून व्यापाऱ्याला गाठायला निघून गेले. मी तिथेच उभी राहिले. मला वाटलं, आता केतकी माझ्याकडे बघेल. ती बघत होती, पण तिच्या कपाळाला आठी होती. न सुटलेलं गणित पुढ्यात असलं की तिला अशी आठी पडते.

त्या दिवशी दुपारी ती टेस्टिंग रूममध्ये आली. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मी ग्लास पुसत होते.

"अक्का, रागावू नका," ती म्हणाली. "एक विचारू? तुम्ही काही मिसळलं नव्हतंत. मग लाल का आला?"

मी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं होतं ती माफी मागायला आली आहे. गुन्हाच झाला नव्हता, तरी माझा लाल दिवा आपल्या जागी शाबूत होता. आता त्याला नवा गुन्हा शोधायचा होता.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"तुम्ही दुसरं काहीतरी लपवत होतात. सांगायचं नसेल तर राहू द्या, पण..."

"लपवत होते," मी म्हणाले. "तुझं यंत्र हुशार आहे, पकडलं त्यानं. त्या दिवशी संकष्टी होती. माझी निर्जळी असते. तू शस्त्रक्रियेला गेलीस तेव्हा बोलले होते, तेव्हापासून करते. सकाळपासून थेंब नव्हता तोंडात."

आधी तिच्यातली शास्त्रज्ञ बोलली. "निर्जळी? म्हणजे लाळ दाट... मूळ नोंदीशी ताडणंच चुकलं. पाण्याचं विचारलंच नाही मी." मग रडवेल्या आवाजात तिनं विचारलं. "माझ्यासाठी? इतकी वर्षं? अक्का, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तुला पटलं असतं?"

तिनं तोंड ओंजळीत घेतलं आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटत होतं. ठेवलाही. रडता रडता ती म्हणाली, "मला तुमचं खरं वाटतं. शप्पथ, मनात कुठेही काही नाही आता. तुम्ही बहिणीकडे जाऊ नका, अक्का."

हेच ऐकायला मी जुलैपासून आसुसले होते. मला भरून यायला हवं होतं. पण तिच्या पाठीवर हात ठेवून मी विचार करत होते, ही खरंच बोलते आहे की अपराधी वाटतं म्हणून बोलते आहे? वेलीचा शोध लागला नसता तर आली असती का? संकष्टीचं मी आत्ता रचून सांगितलं, असं हिच्या मनात कोपऱ्यात कुठेतरी असेल का? रडणं दिसत होतं. पण रडणारा माणूस खोटं बोलत नाही, असं थोडंच आहे? चेहरा सांभाळता येतो, आवाज सांभाळता येतो, हे सगळ्या गावाला मीच तर कौतुकानं सांगत फिरले होते.

"केतकी," मी म्हणाले, "पिऊन सांग."

तिनं डोळे पुसले. मला वाटलं ती चिडेल, निदान दुखावून माझ्याकडे बघेल. तसं झालं असतं तर मी तिथल्या तिथे तिचे पाय धरले असते. पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं मान हलवली आणि यंत्र आणायला उठली.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मला आठवलं की सकाळपासून ती उन्हात बागेत होती.

"अगं, येताना आधी पेलाभर पाणी पिऊन ये," मी म्हणाले. "कोरड्या तोंडानं नको."